रोमन नाण्यांवरचं सैन्य कसं वाचायचं: अगदी पहिल्या नाण्यापासून

रोमन नाणी हा विषय लांबून बघितला की छाती दडपते. काही शतकांचा काळ, सम्राट आणि सम्राट व्हायला निघालेले मिळून ढीगभर माणसं, लॅटिन अक्षरं, त्यातली निम्मी झिजलेली. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच सांगेन, सगळं गोळा करायला जाऊ नका, एक धागा पकडा. माझ्या मते सगळ्यात सोपा आणि सगळ्यात भरलेला धागा म्हणजे सैन्य. रोमच्या तिजोरीतला सगळ्यात मोठा खर्च सैन्याचा होता, चांदीची नाणी पाडली जायची ती मोठ्या प्रमाणात शिपायांचा पगार भागवायला, म्हणजे नाण्यावरचं चित्र कोणाच्या हातात पडणार हे पाडणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतल्या, साध्या शिपायाला वर्षाला २२५ डिनारियस मिळायचे, ते पण तीन हप्त्यांत, पुढे डोमिशियनने ते ३०० केले. त्यामुळे कुठलंही असं नाणं हातात आलं की एकच प्रश्न विचारायचा, नाणं पाडणाऱ्याला हे शिपायाला आत्ताच का सांगावंसं वाटलं? बाकी सगळं शिकणं याच प्रश्नाच्या भोवती फिरतं.

एक सूचना आधीच देतो, नाण्यांवरचा मजकूर मी इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात तो रोमन लिपीत असतो, सगळी कॅपिटल अक्षरं, शब्दांमध्ये बरेचदा जागा नाही, आणि यू च्या जागी व्ही कोरलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी भीती जाते.

पायरी १: कुठलं नाणं म्हणजे काय, एवढं आधी

यात फार वेळ घालवू नका. सोन्याचा ऑरियस, त्याचे २५ चांदीचे डिनारियस. एका डिनारियसचे ४ सेस्टर्शियस, हे पितळेचं मोठं जाड नाणं, साधारण २५ ग्रॅमचं. आणि एका सेस्टर्शियसचे ४ तांब्याचे अ‍ॅस. डिनारियस आला इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजच्या हॅनिबलशी युद्ध चालू असताना, म्हणजे त्याचा जन्मच युद्धखर्चातून झालेला. नीरोने इ.स. ६४ मध्ये त्याचं वजन उतरवलं, पुढच्या राजांनी चांदी कमी कमी करत नेली, कॅराकॅलाने २१५ मध्ये सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट घातलेल्या चेहऱ्याचं नवं नाणं काढलं ज्याला आज आपण अँटोनिनियानस म्हणतो, आणि २७० च्या आसपास त्यात चांदी नावापुरती उरली होती. चौथ्या शतकात सामान्य माणसाच्या हातात फिरायची ती छोटी तांब्याची नाणी. तुमचं पहिलं नाणं याच शेवटच्या गटातलं असायला हवं.

पायरी २: पहिलं नाणं म्हणून "ग्लोरिया एक्सरसिटस" घ्या

बरेच जण सुरुवातीलाच चांदीच्या मागे लागतात. मी म्हणेन नको. कॉन्स्टंटाईन आणि त्याच्या मुलांच्या काळातलं एक तांब्याचं नाणं आहे, त्यावर "ग्लोरिया एक्सरसिटस" म्हणजे सैन्याचा गौरव असं लिहिलेलं असतं, ते साम्राज्यभरच्या टांकसाळींनी अक्षरशः कोट्यवधींनी पाडलं असणार इतकं ते मिळतं. परदेशातल्या चांगल्या डीलरकडे सगळं नीट वाचता येईल असा नमुना साधारण २० ते ४० डॉलरच्या आसपास मिळून जातो. आणि हे एक नाणं वाचायला आलं की रोमन नाणी वाचायची पद्धत आली.

ते हातात घेऊन बघू. आकार आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. मागच्या बाजूला दोन शिपाई समोरासमोर उभे, डोक्यावर शिरस्त्राण, प्रत्येकाच्या एका हातात भाला, दुसरा हात जमिनीवर टेकवलेल्या ढालीवर. दोघांच्या मध्ये निशाणं, म्हणजे उंच काठीवर गोल चकत्या आणि वर कापड. आता ही निशाणं मोजा. दोन असली तर नाणं ३३० ते ३३५ मधलं, एकच असलं तर ३३५ नंतरचं, साधारण ३४० पर्यंत. इतकं सोपं. दोन निशाणांचं नाणं अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं, एक निशाणवालं दीड ग्रॅमकडे आलेलं असतं, म्हणजे नाणं बारीक झालं आणि त्याबरोबर एक निशाण गेलं. काही नमुन्यांत त्या कापडावर खी-रो, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं एकात एक गुंफलेली दिसतात, भिंगाखाली ती बघायला मिळाली की खूप छान वाटतं, कारण रोमन लष्कराच्या निशाणावर नवा धर्म चढतोय हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघत असता.

आता शिपायांच्या पायाखालची आडवी रेघ बघा, तिच्या खाली बारीक अक्षरं असतात. ही टांकसाळीची खूण. एस एम म्हणजे पवित्र टांकसाळ, त्यापुढे शहर: ए एन असेल तर अँटिओक, के असेल तर सिझिकस, टी एस असेल तर थेस्सलोनिका. सी ओ एन एस म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, टी आर म्हणजे जर्मनीतलं ट्रियर, एस आय एस म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. शेवटी किंवा सुरुवातीला एक जास्तीचं अक्षर असतं, ते कारखान्यातल्या विभागाचं: पूर्वेकडच्या टांकसाळींत ग्रीक अक्षर, आल्फा बीटा गॅमा डेल्टा असं, आणि पश्चिमेकडे पी, एस, टी म्हणजे पहिला दुसरा तिसरा. म्हणजे दीड-दोन ग्रॅमच्या तांब्याच्या तुकड्यावरून तुम्ही सांगू शकता की हे अमुक शहरात, अमुक विभागात, अमुक पाच वर्षांत पाडलं गेलं. खराब माल निघाला तर कुठल्या विभागाला धरायचं ते कळावं हाच त्यांचा हेतू असणार, आपल्याला मात्र त्याचा आयता फायदा.

नाणं बघताना ट्यूबलाईटखाली सरळ धरू नका, अक्षरं दिसणार नाहीत. मोबाईलचा टॉर्च टेबलाच्या उंचीवर आडवा ठेवा, उजेड तिरका पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा, झिजलेल्या अक्षरांची सावली पडते आणि वाचता येतात. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग घेऊन ठेवा.

पायरी ३: राजाची बाजू वाचा

पुढच्या बाजूला चेहरा आणि भोवती मजकूर. मजकूर बहुतेक वेळा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. आपल्या ग्लोरिया नाण्यात "कॉन्स्टंटिनस मॅक्स ऑग" असेल तर तो थोरला कॉन्स्टंटाईन, ऑग म्हणजे ऑगस्टस, मुख्य सम्राट. "आययूएन नोब सी" असं काही असेल तर त्याचा त्याच नावाचा मुलगा, ज्युनियर, नोबिलिसिमस सीझर म्हणजे युवराज. डोक्यावर बघून पण अंदाज येतो, या मालिकेत ऑगस्टसला सहसा रत्नजडित पट्टा असतो आणि सीझर मुलांना बरेचदा लॉरेलच्या पानांचा हार.

आधीच्या काळातल्या डिनारियसवर पदव्यांची लांबलचक रांग असते आणि तीच तारीख शोधायचं साधन. आयएमपी म्हणजे इम्पेरेटर, मूळ अर्थ विजयी सेनापती, पी एम म्हणजे मुख्य पुरोहित, टीआर पी म्हणजे ट्रिब्यूनचा अधिकार जो दरवर्षी नव्याने मोजला जायचा, त्यापुढे आकडा असेल तर वर्ष जवळपास मिळालंच. सी ओ एस म्हणजे कॉन्सल, रोमचं वर्षभराचं सर्वोच्च पद, कितव्यांदा ते. आणि आपल्या कामाच्या म्हणजे युद्धातून मिळालेल्या पदव्या. ट्रेजन बघा, त्याच्या नाण्यावर "गेर" म्हणजे जर्मानिकस असतंच, "डाक" म्हणजे डेशिकस ही पदवी त्याला १०२ च्या शेवटी डेशियाशी, म्हणजे आजच्या रोमानियाशी, पहिलं युद्ध संपल्यावर मिळाली, आणि "पार्थिको" नाण्यांवर येतं ११६ ला. तर गेर आहे, डाक आहे, पार्थिको नाही असं नाणं १०३ ते ११६ मधलं. शिपायांनी जिंकलेली युद्धं राजाच्या नावाला चिकटत जातात आणि आपण त्या चिकटलेल्या शब्दांवरून कॅलेंडर लावतो.

पायरी ४: चित्रांची ओळख करून घ्या

इथे थोडा वेळ द्या, कारण तीच दहा-बारा चित्रं तीनशे-चारशे वर्षं फिरून फिरून येतात.

गरुड: लीजनचं मुख्य निशाण, काठीवर पंख पसरलेला गरुड. तो गमावणं म्हणजे त्या लीजनचं नाक कापलं जाणं. इ.स.पू. ५३ ला रोमन सेनापती क्रॅसस कार्हेच्या लढाईत इराणच्या पार्थियन लोकांकडून मारला गेला आणि निशाणं शत्रूकडे गेली, ती ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटी करून परत मिळवली, आणि मग नाण्यांवर "सिग्निस रिसेप्टिस", निशाणं परत मिळाली, असा मजकूर झळकला. लढाई न करता मिळवलेली गोष्ट विजयासारखी मांडली, आणि ती खरोखरच तेवढी मोठी होती, कारण तेहेतीस वर्षं ती लाज सगळ्या सैन्याच्या मनात होती.

विजयचिन्ह: एक खांब किंवा झाडाचं खोड, त्यावर शत्रूचं शिरस्त्राण, चिलखत, ढाली टांगलेल्या, लांबून बुजगावण्यासारखं दिसतं. यातल्या शस्त्रांकडे नीट बघा, त्यावरून शत्रू कळतो. ज्युलियस सीझरच्या गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, मोहिमेनंतरच्या डिनारियसवर कार्निक्स दिसतो, म्हणजे गॉल लोकांचं जनावराच्या तोंडाचं उंच रणशिंग. ट्रेजनच्या नाण्यांवर डेशियन लोकांची पुढे वाकलेली टोपी आणि वाकडी तलवार दिसते.

बंदी: हे चित्र बघायला जड जातं, पण टाळू नका. सम्राट व्हेस्पाशियनच्या ज्यूडिया, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रांताच्या, मालिकेत, इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतरची ही नाणी, खजुराच्या झाडाखाली किंवा विजयचिन्हाखाली एक बाई गालावर हात ठेवून बसलेली असते. मोठ्या सेस्टर्शियसवर शेजारी हात बांधलेला पुरुष किंवा एक पाय शिरस्त्राणावर ठेवून उभा असलेला सम्राट. एका आख्ख्या प्रांताचा पराभव त्या बसलेल्या बाईत दाखवलाय. कोणी कोरलं त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण हात कसलेला होता.

भाषण: सम्राट चौथऱ्यावर उभा, हात वर केलेला, समोर शिपाई ढाली-निशाणं घेऊन. कॅलिगुलाच्या सेस्टर्शियसवर हे पहिल्यांदा इतकं ठळक येतं, "अ‍ॅडलोकुट कोह", तुकड्यांना उद्देशून भाषण. गंमत म्हणजे पितळेच्या नाण्यांवर त्या काळात असणारी एस सी ही सिनेटच्या ठरावाची दोन अक्षरं या नाण्यावर नाहीतच, राजा आणि प्रेटोरियन तुकड्या, म्हणजे त्याचे अंगरक्षक शिपाई, मध्ये कोणी नाही.

हात मिळवलेले दोन हात, बरेचदा मध्ये निशाण: सलोखा किंवा निष्ठा. "फिडेस मिलिटम" म्हणजे शिपायांची निष्ठा, "कॉन्कॉर्डिया मिलिटम" म्हणजे शिपायांमधला सलोखा. यावर पुढच्या पायरीत.

आणि चौथ्या शतकातलं "फेल टेम्प रेपारेशिओ", सुखाचे दिवस परत आले, ३४८ पासूनचं. यावर रोमन शिपाई घोड्यासकट कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारतोय. हे नाणं पण स्वस्तात ढिगाने मिळतं, ग्लोरियानंतर दुसरं नाणं म्हणून चालेल, आणि कोसळणाऱ्याची टोपी, दाढी, हात कुठे आहे, घोड्याची मान कुठे वळलीय असे बारीक प्रकार शोधत बसायला खूप मजा येते.

पायरी ५: आता तो प्रश्न विचारा

माझ्या दृष्टीने ही खरी पायरी आहे. नाण्यावर जे लिहिलंय ते बातमी म्हणून वाचू नका, विनंती म्हणून वाचून बघा.

नर्व्हा, इ.स. ९६ ते ९८, म्हातारा, सैन्यात कोणी त्याला फारसं ओळखत नाही. त्याच्या नाण्यांवर मिळवलेले हात आणि "कॉन्कॉर्डिया एक्सरसिटुम", सैन्यांमधला सलोखा. त्याच्याच कारकिर्दीत ९७ ला प्रेटोरियन गार्डने राजवाड्यात घुसून त्याला वेठीला धरलं. डिडियस ज्युलियानस, मार्च १९३, आधीच्या राजाला गार्डने मारलं आणि गादीचा चक्क लिलाव केला, याने प्रत्येक शिपायाला २५,००० सेस्टर्शियसचा शब्द देऊन ती घेतली. नाण्यावर काय? "कॉन्कॉर्ड मिलिट". जूनच्या सुरुवातीला तो मेलेला होता. ६८-६९ च्या यादवीत एका वर्षात चार सम्राट झाले, तेव्हा पण निष्ठा आणि मिळवलेले हात नाण्यांवर सगळीकडे. आणि आपल्या ग्लोरिया एक्सरसिटसकडे परत या, कॉन्स्टंटाईनचा पुतण्या डेल्माशियस, ३३५ ला सीझर झाला, त्याच्या नावाने पण एक निशाणवालं हे नाणं आहे. ३३७ मध्ये कॉन्स्टंटाईन वारला आणि त्याच उन्हाळ्यात डेल्माशियसला शिपायांनीच मारलं. ज्या सैन्याचा गौरव त्याच्या नावाच्या नाण्यावर छापला होता, त्याच सैन्याने.

म्हणून नाणं घेतलं की त्या राजाची ती दोन-चार वर्षं वाचून काढा, नुसतं नाव आणि सन लिहून ठेवू नका. सेप्टिमियस सेव्हेरसने १९३ मध्ये पाठिंबा दिलेल्या लीजनच्या नावाने डिनारियस काढले, त्यातला चौदाव्या जेमिना लीजनचा सगळ्यात जास्त सापडतो, कारण तिच्याच छावणीत, आजच्या ऑस्ट्रियातल्या कार्नुंटमला, त्याला सम्राट म्हणून घोषित केलं गेलं होतं. चौदा हा आकडा तिथे एक एक्स आणि चार उभ्या काठ्या असा लिहिलाय, नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. रोमन इतिहासकार डिओ कॅशियस सांगतो की या सेव्हेरसने मरताना मुलांना सांगितलं, आपसात भांडू नका, शिपायांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा करू नका. त्याची नाणी बघितल्यावर हे वाक्य पटतं. गॅलियनसने पुढे २६० च्या आगेमागे लीजनच्या नावांबरोबर त्यांचे प्राणी छापले, चौथ्या फ्लाविया लीजनचा सिंह, सातव्या क्लॉडियाचा बैल, तिसऱ्या इटालिकाचा करकोचा, तो पूर्ण संच जमवणं हे पुढच्या कित्येक वर्षांचं काम आहे.

पायरी ६: चांदीत पाऊल टाकायचं तर मार्क अँटनी

दोन-चार तांब्याची नाणी वाचून झाली, हात बसला, की मग मार्क अँटनीचा लीजन डिनारियस. इ.स.पू. ३२-३१, ऑक्टेव्हियनशी, म्हणजे पुढच्या ऑगस्टसशी, झालेल्या अ‍ॅक्टियमच्या लढाईच्या तयारीत पाडलेला. पुढे वल्ह्यांचं युद्धजहाज, त्याच्या वरखाली अँटनीचं नाव आणि पद, मागे मध्ये गरुड आणि दोन्ही बाजूंना एकेक निशाण, खाली "लेग" आणि लीजनचा आकडा, दोनपासून तेवीसपर्यंत. लढाई झाली २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ ला, अँटनी हरला, पुढच्या वर्षी मेला, पण ही नाणी मेली नाहीत. रोमन लेखक प्लिनी म्हणतो अँटनीने चांदीत लोखंड मिसळलं, लोखंड नव्हे पण तांबं इतर डिनारियसपेक्षा जास्त होतं हे खरं, आणि म्हणूनच लोकांनी चांगली चांदी घरात पुरून ठेवली आणि ही नाणी खर्चत राहिले. तिसऱ्या शतकातल्या पुरलेल्या ठेव्यांमध्ये सुद्धा ही सापडतात, दोनशेहून जास्त वर्षं हातोहात फिरून अगदी गुळगुळीत झालेली. मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस यांनी तर सहाव्या लीजनसाठी हेच चित्र पुन्हा पाडलं, हरलेल्या सेनापतीचं, दोन शतकांनी.

घेताना काय बघायचं: आकडा वाचता येतोय का. सुस्पष्ट जहाज आणि पुसलेला आकडा यापेक्षा झिजलेलं जहाज आणि स्पष्ट आकडा मी घेईन, कारण आकड्याशिवाय तो कुठल्या माणसांच्या हातात गेला हे कळतच नाही. झिजलेला नमुना सुद्धा साधारण दीडशे ते तीनशे डॉलरच्या घरात जातो. पृष्ठभागावर छोटे ठोकलेले चंद्रकोरी किंवा टिंबाचे ठसे दिसले तर घाबरू नका, सराफांनी आत तांबं तर नाही ना हे तपासायला मारलेल्या खुणा आहेत त्या.

पायरी ७: खरं-खोटं

सगळ्यात उपयोगी नियम: ही नाणी हाताने एकेक ठोकलेली आहेत, त्यामुळे दोन नाण्यांचा कडेचा आकार, तडे आणि मध्यापासून सरकलेलं चित्र हे सगळं कधीच हुबेहूब जुळत नाही. दोन फोटोंत तंतोतंत तीच कड, तोच तडा, तीच झीज दिसली तर किमान एक ओतीव नकल आहे. कडेला गोल फिरणारी शिवण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, साबण लावल्यासारखी बोथट अक्षरं, ही ओतीव कामाची लक्षणं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा ऑनलाईन स्वस्तात मिळतो, तो घ्या आणि वजन नेहमी त्या प्रकाराच्या नोंदलेल्या वजनांशी ताडून बघा. मात्र हलका डिनारियस नेहमी आधुनिक खोटा असेलच असं नाही, त्या काळात पण तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून फसवणारे होते, असं नाणं प्राचीनच, फक्त तसं सांगून आणि त्या किमतीला विकलेलं असावं.

ज्यूडिया मालिका आणि ज्युलियस सीझरचा खून करणाऱ्या ब्रूटसचं दोन खंजीरवालं नाणं यांच्या नकला खूप फिरतात, सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे जुन्या बाजारात, प्रदर्शनाच्या बाहेर, "शेतात सापडलं" म्हणून विकायला येणारी रोमन नाणी तर बिलकुल घेऊ नका, खोटी असली तर पैसे गेले आणि खरी असली तर कायद्याची भानगड.

तुलनेसाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओसीआरई हा मोफत डेटाबेस आहे, त्यात राजा, टांकसाळ, मजकूर टाकून शोधता येतं आणि तिथला आरआयसी नंबर ("रोमन इम्पिरियल कॉइनेज" या संदर्भग्रंथातला) हीच जगभरात नाण्याची ओळख म्हणून चालते. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह पण फोटोंसकट ऑनलाईन बघता येतो. विकत घेण्याआधी तिथे शंभर नाणी बघा, डोळा तयार होतो.

पायरी ८: कुठून घ्यायचं आणि कायदा

खरं असल्याची लेखी हमी आणि आधीच्या मालकीचा कागद देणाऱ्या डीलरकडूनच. १९७० च्या आधीच्या लिलावाची नोंद असलेलं नाणं मिळालं तर उत्तमच. हे किती गंभीर आहे ते बघा, ब्रूटसच्या त्या खंजीरवाल्या प्रकाराचा एक सोन्याचा नमुना २०२० मध्ये लंडनला सुमारे ३२ लाख पौंडांना गेला, नंतर त्याच्या पूर्वेतिहासाची कागदपत्रं खोटी निघाली आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं. मागवताना कस्टमची ड्युटी आणि कुरिअरचा खर्च आधी हिशोबात धरा, स्वस्त नाण्यावर तो नाण्याएवढा होऊ शकतो, म्हणून तीन-चार एकत्र मागवणं बरं पडतं.

भारतातल्या १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं ही पुरातन वस्तू, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत, दुबईत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, पुण्यात घेतलेलं नाणं बॅगेत टाकून निघू नका. आणि जमिनीत पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

रोमन नाणी आपल्या जमिनीत खरंच सापडतात, हे सांगायचं राहिलंच. सगळ्यात जास्त दक्षिणेत, तमिळनाडू, केरळ, आंध्र-तेलंगणात. प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी रोमकडून पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो. इथे ढिगाने सापडणारा डिनारियस म्हणजे ऑगस्टसचा तो, ज्यावर त्याचे दोन नातू गायस आणि लुशियस उभे आहेत, मध्ये ढाली आणि भाले. म्हणजे मिऱ्याच्या बदल्यात आपल्याकडे आलेलं नाणं पण लष्करी चित्राचंच. आणि महाराष्ट्राचा स्वतःचा धडा बघायचा असेल तर नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेला ठेवा, क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, एका बाजूला ग्रीक मजकुरासकट चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारला. हरलेल्या राजाचं नाणं न वितळवता त्याच्या चेहऱ्यावरच आपली खूण ठोकायची, यापेक्षा थेट लष्करी निरोप मला रोमन नाण्यांत पण दिसलेला नाही. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय दोन्ही जरूर बघा, काचेतली खरी नाणी बघितल्याशिवाय फोटोंवर विसंबू नका.

पायरी ९: सांभाळणं आणि नोंद

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावू नका, दीड हजार वर्षांत तयार झालेला हिरवा-तपकिरी थर म्हणजेच त्याचं कातडं, ते गेलं की किंमत गेली आणि अक्षरं पण गेली. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, घाई नको. मऊ प्लास्टिकच्या पीव्हीसी पाकिटांत ठेवू नका, चिकट हिरवा थर चढतो. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि तांब्याची नाणी अधूनमधून तपासा. फिकट पोपटी रंगाची भुकटी दिसली, टोकरल्यावर सुटणारी, तर तो तांब्याला लागणारा रोग आहे, ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा. धरताना कायम कडेने धरा आणि खाली मऊ कापड असू द्या.

प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: राजा, प्रकार, टांकसाळ आणि विभाग, सन, वजन, व्यास, आरआयसी नंबर, कोणाकडून कधी घेतलं. बिल वेगळ्या फाईलमध्ये. आणि चिठ्ठीच्या मागे एक ओळ त्या प्रश्नाच्या उत्तराची, शिपायाला हे आत्ता का सांगितलं. पहिल्या ग्लोरिया एक्सरसिटसच्या मागे काय लिहायचं हे सुचत नसेल तर अँटिओकचं दोन निशाणवालं आणि ट्रियरचं एक निशाणवालं अशी दोन नाणी शेजारी ठेवा, वजन करा, पुढच्या बाजूला कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, आणि ३३० ते ३४० मध्ये त्या माणसांचं काय झालं ते शोधा.